बाबासाहेबांचे छंद आणि आपली मुलं

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका हातात घेतली की तिच्यात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर लेख असणारच, हे वाचकांना सांगायला नको. घटनेचे शिल्पकार, महाडच्या चवदार तळ्याचे सेनानी, धम्मचक्र प्रवर्तक ही त्यांची रूपं आपल्या लहानग्यांनाही तोंडपाठ आहेत. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण ती ऐकतो, आणि ऐकलीच पाहिजेत.

पण आज आम्ही त्यांच्याविषयी थोडं वेगळं लिहिणार आहोत. हाच माणूस पन्नाशी उलटल्यावर गुरू लावून व्हायोलिन शिकत होता. ब्रश घेऊन चित्रं काढीत होता. पातेलं चुलीवर चढवून स्वतःच्या हाताने कालवण करीत होता. चांगलं फाऊंटन पेन दिसलं की लहान मुलासारखा हरखून जात होता. काहींना वाटेल, एवढ्या मोठ्या कार्यापुढे या बारीकसारीक गोष्टी कशाला? आमचं म्हणणं असं, की या गोष्टी त्या कार्याच्या आतल्याच आहेत. कशा, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हाताला नेमून दिलेलं काम

आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी कधी विचारलं होतं का, की बाबा रे, तुला काय करायला आवडतं? गावची येसकरकी करायची, सांगावा घेऊन उन्हातान्हात धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं, सरपण फोडायचं. जन्माला येतानाच हाताला काम चिकटलेलं. ते आवडो न आवडो, जमो न जमो, सोडता येत नव्हतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते या जोखडासाठीच. पुढे १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचा ग्रंथ लिहिताना त्यांनी हे नेमकं मांडलं, की जातीने नुसती कामाची वाटणी केली नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली. आणि ती करताना माणसाची आवड, त्याचा कल, त्याची कुवत काहीच पाहिलं नाही. ज्या कामात मन नाही, डोकं नाही, ते काम चांगलं होणार कसं, असा त्यांचा सवाल होता.

गावातलं सोडा, शहरातही तेच. आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील मुंबईच्या गिरण्यांत होते. त्यांना ठाऊक आहे, की पूर्वी आपल्या माणसाला साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, घेत नसत. कारण काय? तर धागा तुटला की सांधताना तोंड लावावं लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ होई! पगार जास्त, कसब जास्त, ते खातं आपल्याला बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. हाताला कसब शिकण्याचा हक्क हाही माणुसकीचाच हक्क आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

हे ध्यानात ठेवून आता त्यांच्या आयुष्याकडे पाहू या.

पहिलं वेड पुस्तकाचं

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ, लष्करी शाळेत शिकवलेले, कबीरपंथी. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. भीमराव पाच वर्षांचा असताना आई भीमाबाई गेली. साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेरची वागणूक, बसायला घरून नेलेलं तरटाचं बस्कर, पाणी प्यायचं तर शिपायाने वरून ओतायचं. हे सगळं आपण जाणतोच.

पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लहानपणी भीमराव काही फार अभ्यासू पोर नव्हता. साताऱ्याला असताना त्याच्या मनात आलं, की घर सोडावं, मुंबई गाठावी आणि गिरणीत काम धरावं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कनवटीची पैशाची पिशवी पळवायचा बेत केला. तीन रात्री खटपट केली. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली तर आत अवघा अर्धा आणा! त्या रात्री पोराच्या मनाने पलटी खाल्ली. आता अभ्यासच करायचा, असं त्याने ठरवलं. वेड लागतं ते असं, बाहेरून कोणी लादून लागत नाही.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. तिच्यात भांडीकुंडी, सरपण, धूर आणि दाटी. रामजीबाबा स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग पोराला उठवीत आणि आपण झोपत. चिमणीच्या उजेडात भीमराव वाचीत बसे. वाचन नुसतं शाळेच्या पुस्तकांचं नव्हे. अवांतर पुस्तकांचा त्याला असा नाद, की वडिलांना सुरुवातीला ते पटेना. शाळेची पुस्तकं आधी वाच, असं ते सांगत. पण पोराने पुस्तक मागितलं आणि बापाने नाही म्हटलं, असं झालं नाही. खिशात पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जात. एकीकडे नाही मिळाले तर दुसरीकडे. मुलगी रोख नसलं तर अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण पडे आणि पेन्शन आली की सोडवला जाई.

बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबा. तेव्हा कोणाला ठाऊक होतं, की हा पोरगा पुढे घटना लिहिणार आहे? रामजीबाबांपुढे नोकरीची हमी नव्हती, मार्कांचा तक्ता नव्हता. पोराला एका गोष्टीची ओढ आहे आणि ती खरी आहे, एवढंच त्या बापाने ओळखलं. आणि त्या बहिणींनी दागिना उतरवून दिला. बाबासाहेबांच्या मोठेपणात त्या गहाण पडलेल्या दागिन्यांचाही वाटा आहे.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्कार झाला, त्यात केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र त्याला भेट दिलं. अवांतर वाचनाच्या नादानेच ही भेट घडली. पुढे १९५६ ला नागपुरात जे झालं, त्याचं एक बीज त्या बागेतल्या बाकावर पडलेलं आहे.

संस्कृत नाकारलं, पण ओढ गेली नाही

एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावाला संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. दुसरा असता तर विषय तिथेच संपला असता. बाबासाहेबांनी पुढे आपल्या कष्टाने संस्कृत आत्मसात केलं. १९२१ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव घातलं तेव्हाही त्यांच्या मनात अर्थशास्त्राबरोबर संस्कृत होतं. परीक्षेला लागत नव्हतं, पोटाला लागत नव्हतं, पण मनाला लागत होतं.

१९१३ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, त्यातून घरी पैसे पाठवायचे. एवढ्यात त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २००० पुस्तकं जमवली, असं चरित्रकार सांगतात. १९१७ साली लंडनहून परतताना सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ती बोट पाणतीराने बुडाली आणि ग्रंथ समुद्राच्या तळाला गेले. तरी माणसाने पुन्हा एकेक पुस्तक जमवायला घेतलं.

इथे माता रमाईला विसरून चालणार नाही. साहेब परदेशी असताना त्या माउलीने इकडे शेणाच्या गोवऱ्या थापल्या, अर्धपोटी राहून संसार ओढला, पोटची लेकरं गमावली. एकाच्या ध्यासाचं ओझं घरातल्या दुसऱ्याच्या हातांवर पडत असतं. बाबासाहेबांना याची जाणीव होती आणि ती आपल्यालाही हवी. घरातल्या मुलाला जे आवडतं ते करू द्यायचं आणि सगळी कामं मुलीच्या गळ्यात घालायची, हा काही त्यांचा धडा नव्हे.

स्वतःच्या हाताने काढलेलं पत्र, स्वतःच्या मनाने बांधलेलं घर

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं आणि ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’. पैसा नाही, माणसं नाहीत. ‘बहिष्कृत भारता’चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत. दिवसा कोर्ट, सभा, भेटायला आलेल्यांची रीघ आणि रात्री लेखणी. लिहिण्यावर त्यांचा जीव होता, म्हणून लेखणीवरही होता. जाड, मोठी, उत्तम पेनं घ्यायची त्यांना हौस होती. बाजारात गेले की पेन आणि पुस्तक हे ठरलेलं. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला हात लावू दिला नाही, त्यांच्या वंशातल्या माणसाने खिशाला पेन लावलं. आपल्या घरातल्या तसबिरीत आणि चौकातल्या पुतळ्यात ते पेन आजही दिसतं.

परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या खोल्यांत पुस्तकं आणि माणसं मावेनात, तेव्हा वकिलीच्या कमाईतून त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं. १९३३-३४ च्या सुमारास ते तिथे राहायला गेले. मगधाच्या ज्या राजगृहात बिंबिसाराने तथागतांना वेळुवन दान दिलं, त्याच नगरीचं नाव. घराच्या आराखड्यात त्यांनी स्वतः लक्ष घातलं. लोक आधी दिवाणखाना आखतात, यांनी आधी ग्रंथांची जागा आखली. बांधकामाची ही आवड पुढेही टिकली. औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू झालं, त्याच्या इमारतींतही ते तसेच रमले आणि त्या परिसराला त्यांनी नागसेनवन हे नाव दिलं.

पोशाखाचंही असंच. सूट, टाय, टापटीप हा काही साहेबी थाट नव्हता. कोणत्या जातीने काय नेसावं, कोणते दागिने घालावेत हेही आपल्याकडे ठरलेलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या आयाबहिणींना त्यांनी सांगितलं, की लुगडं इतर बायांसारखं नेसा, जात ओळखू येणारे ते गळाभर, हातभर दागिने टाकून द्या. आणि बायांनी ते मनावर घेतलं. अंगावर काय घालायचं ते मी ठरवणार, हे म्हणायलाही तेव्हा छाती लागत होती.

व्हायोलिन, ब्रश आणि पातेलं

उतारवयात, अंगात मधुमेह भिनला होता, पाय दुखत होते, मंत्रिपदाचा आणि घटनेचा भार वाहून शरीर थकलं होतं. तेव्हा या माणसाने व्हायोलिन हाती घेतलं. जवळून पाहिलेल्या माणसांनी लिहून ठेवलं आहे, की ते शिक्षकासमोर विद्यार्थ्यासारखे बसत आणि मन लावून गज फिरवीत. जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला माणूस सा रे ग म पासून सुरुवात करायला लाजला नाही. त्यांचं व्हायोलिन पुण्याला सिंबायोसिसच्या स्मारक संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे. माईसाहेबांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे दिल्या. पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जरूर जा.

वाजवणं आपल्या समाजाला नवं नव्हतं. गावोगाव हलगी, ढोल, सनई आपल्या आणि आपल्यासारख्या जातींच्याच हातात होती. पण ती दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मिरवणुकीत, मांडवाच्या बाहेर उभं राहून वाजवायची. बोलावलं की जायचं, मिळेल ते पदरात घ्यायचं. बाबासाहेब व्हायोलिन घेऊन बसले ते कोणाच्या हुकमाने नव्हे. श्रोते नाहीत, बिदागी नाही. माझ्या मनाला आनंद होतो म्हणून मी वाजवतो. आपल्या हिशेबाने ही साधी गोष्ट नाही. वाद्य तेव्हाही आपल्याच हातात होतं, आता त्यामागची मर्जीही आपली झाली.

चित्रकलाही ते अशीच शिकले. त्यांनी काढलेलं म्हणून ओळखलं जाणारं बुद्धांचं एक चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्यात तथागतांचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत. जगाचं दुःख डोळे उघडे ठेवून पाहणारा बुद्ध! शेकडो वर्षांच्या मूर्ती आणि चित्रं समोर असताना आपल्याला भावलेला बुद्ध वेगळा काढणं, याला स्वतःची नजर लागते.

दिल्लीच्या घरी त्यांना बागेची आवड होती. झाडांची, फुलांची ते जातीने विचारपूस करीत. आणि स्वयंपाकाची हौस तर दांडगी. लहर लागली की स्वतः पदार्थ करीत आणि आल्यागेल्याला प्रेमाने वाढीत. आपल्याकडे अजूनही पुरुषाने पोळपाटाला हात लावला की हसणारे आहेत. त्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटचं काम

हे सगळे छंद एका ठिकाणी येऊन मिळतात. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी पाली भाषा घेतली. पालीचं व्याकरण, पालीचा शब्दकोश, एकेक शब्द लावीत रचला. विहारात म्हणायचा बौद्ध पूजापाठ तयार केला. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात हे सगळं १९९८ साली छापलं. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. आणि ५ डिसेंबरच्या रात्री, अखेरच्या रात्री, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी टेबलावर काढून ठेवायला सांगितली. ६ डिसेंबर १९५६ ला पहाटे महापरिनिर्वाण झालं. ग्रंथ १९५७ साली निघाला. चिमणीच्या उजेडात जडलेला नाद शेवटच्या रात्रीपर्यंत सुटला नाही.

आपल्या घरात काय?

आता आमचं म्हणणं. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत असं पोरगं आहे, की त्याला ढोलकी दिसली की हात शिवशिवतात. एखादी मुलगी वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढते, जुन्या साडीच्या काठापासून पिशव्या, तोरणं करते. कोणी पत्र्याच्या डब्याची गाडी करतं, कोणी बंद पडलेला रेडिओ उघडून बसतं. आणि आपण काय म्हणतो? हे धंदे सोड, पुस्तक घे, नोकरीचा फॉर्म भर. यात प्रेम आहे, काळजी आहे, हे आम्हांला कळतं. ज्यांनी हातावर पोट काढलं, त्यांना पोराच्या हाती फाईल हवीशी वाटणार. एका नोकरीने आपल्यातली कित्येक घरं उभी राहिली, हे खोटं कसं म्हणता येईल?

बाबासाहेबांनीही शिक्षण आधी ठेवलं. व्हायोलिनसाठी त्यांनी एकही केस, एकही सभा सोडली नाही. म्हणून कोणी पोराने त्यांचं नाव सांगून शाळा बुडवू नये! पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काल जात सांगत होती, की तुझ्या हाताने हेच काम करायचं, आवड विचारू नकोस. आज तेच आपण आपल्या लेकराला घरात बसून सांगू लागलो, तर त्या जुन्या कायद्याला आपणच मागच्या दाराने आत घेतलं, असं होईल. काम बदललं असेल, पगार वाढला असेल, पण न विचारणं तेच राहिलं.

काहींना हाताच्या कामाचीच लाज वाटते. शिवणकाम, सुतारकाम, चामड्याचं काम, वाजवणं हे सगळं मागच्या पिढीच्या गुलामगिरीची खूण वाटते. ती वेदना खरी आहे. पण लाज त्या कामाची नव्हती, सक्तीची होती. सक्ती गेली की तेच हात कलावंताचे होतात. जयंतीला आपली पोरं रात्र रात्र जागून कागदी कंदील करतात, बाया निळे झेंडे शिवतात, कोणी स्तूपाची प्रतिकृती उभी करतं, तेव्हा वस्तीचा चेहरा कसा उजळतो ते आपण पाहतोच. ते हात वर्षभर गप्प का बसावेत?

म्हणून आमची एक सूचना आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात तासभर मुलांसाठी ठेवू या. ज्यांना जे येतं त्यांनी ते शिकवावं. कोणाला हार्मोनियम येते, कोणाला शिवण, कोणाला चित्र, कोणाला पाली. मुलगा-मुलगी भेद नको. मोठ्यांनीही बसावं, लाजू नये. पन्नाशीनंतर सा रे ग म शिकणारा माणूस आपला बाप आहे.

तथागतांनी आपल्याला स्वतःचा दिवा स्वतः व्हायला शिकवलं. प्रत्येक दिव्याची वात वेगळी असते, तेलही ज्याचं त्याने घालायचं असतं. रामजीबाबांनी आपल्या पोराच्या दिव्यात दागिना गहाण टाकून तेल घातलं. आपल्याला तर निदान एवढंच करायचं आहे, की पोराच्या हातातली वही ओढून घेण्याआधी त्याने मागच्या पानावर काय काढलंय, ते एकदा पाहायचं.

जयभीम! नमो बुद्धाय!